आईच्या हातचं मागे उरतं तेव्हा

पितृपंधरवडा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. नव्वदी पाहिलेली आई गेलेली असते आणि तिचं कपाट अजून तसंच असतं. लुगडी, क्रोशाची पिशवी, वातींचे डबे, नामजपाच्या वह्या. टाकवत नाही आणि नेमकं काय करायचं तेही सुचत नाही. यंदा अशीच पत्रं एकत्र घेतली आहेत. त्यांत गोधडीबद्दलची विचारणा सर्वांत जास्त होती, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

आईची सात सुती नऊवारी लुगडी आहेत. आम्ही चार भावंडं. प्रत्येकाला एक गोधडी हवी आहे, पण कुणाला कोणतं लुगडं यावरून अवघडल्यासारखं झालं आहे. कशी वाटणी करावी आणि गोधडी घरी शिवता येईल का? (वाई)

लुगडी वाटू नका, त्यांचे तुकडे वाटा. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा जास्त भरतो आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर असतो. एका माणसाच्या गोधडीचं हेच माप. चार लुगड्यांचे असे सोळा तुकडे होतील. प्रत्येक लुगड्यातला एकेक तुकडा प्रत्येकाला द्या. मग चार थरांची गोधडी होते आणि प्रत्येकाच्या गोधडीत आईची चारही लुगडी येतात. उरलेल्या तिनांपैकी एक ठिगळांसाठी घ्या. निदान एकाला तरी कात्री लावू नका. दहा वर्षांनी नातीला आजीचं लुगडं म्हणजे केवढं होतं ते उलगडून दाखवायचं असेल, तर ते सबंधच लागेल.

फाडायच्या आधी धुवायचं. जुन्या लुगड्यात खळ असते आणि खळीवर कसर येते, म्हणून रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सकाळी रिठ्याच्या पाण्यातून काढा. त्याआधी रंग तपासा. काठाच्या एका कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दोन मिनिटं दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ते लुगडं वेगळं धुवा आणि आतल्या थरात घाला. वाळवणं सावलीत.

मग कापड उजेडासमोर धरून बघा. नऊवारीचा काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. तिथे बोटांनी हलकं ताणल्यावर सूत सरकलं, तर तो तुकडा आत जाईल. पदराकडचं घट्ट कापड वर आणि खाली. काठ मात्र कापून वेगळे काढा. काठाची वीण दाट असते, धुतल्यावर तो कापडापेक्षा वेगळा आटतो आणि गोधडीला मधेच चुण्या पडतात. काढलेले काठ वाया जात नाहीत, चारी बाजूंचा गोट त्यांचाच करा. टेरीकॉट किंवा सिंथेटिक साडीचा थर सुतीत मिसळू नका. सुती आटतं, ती आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात फुगे येतात. खालून नवं मांजरपाट लावणार असाल तर तेही आधी एकदा धुवून आटवून घ्या.

थर जमिनीवर अंथरा. मधून बाहेरच्या दिशेने हाताने सपाट करा आणि मोठे कच्चे टाके घाला: आधी मधोमध उभी आणि आडवी अशी एकेक ओळ, मग वीतभर अंतरावर बाकीच्या. बहुतेक जण इथेच घाई करतात. कच्चे टाके न घालता एका कडेने शिवत गेलं की खालचा थर सरकत राहतो आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं कापड जमा होतं. मग उसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराने, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. दोन सेंटिमीटरवर एक ओळ धरली तर साधारण 57 ओळी होतात आणि सुमारे 150 मीटर दोरा लागतो. दुहेरी ओवलात तर 300. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, पण विरलेलं कापड तो सुरीसारखा कापत जातो. हातभर लांबीचाच दोरा ओवा आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही. चारपेक्षा जास्त थर असतील तर सुई निघता निघत नाही. लांब नेढ्याची सुई आणि बोटात टोपण लागेलच.

धुतलेली गोधडी दोरीवर एका कडेने टांगू नका. पाण्याच्या वजनाने वरच्या ओळीतले टाके तुटतात. कठड्यावर किंवा दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. आणि ती वापरा. कपाटात घडी करून ठेवलेली गोधडी घडीवर विरते, अंगावर घेतलेली गोधडी सगळीकडून सारखी झिजते.

आईने क्रोशाचा गोल टेबलक्लॉथ विणायला घेतला होता. चौदाव्या फेरीत सुई तशीच अडकवलेली आहे. मला साखळी आणि खांब येतात, पण हात तिच्यासारखा नाही. पूर्ण करू का? (बेळगाव)

आधी ती सुई काढण्यापूर्वी अडकवलेल्या टाक्यात सेफ्टीपिन घाला. क्रोशाची वीण शेवटच्या टाक्याकडून उसवते, एक ओढ बसली की अख्खी फेरी जाऊ शकते. सुईवरचा नंबर लिहून ठेवा. नंबर पुसला असेल तर दुकानात नेऊन मापाशी जुळवा.

मग विणकाम गडद कागदावर पसरून, शेजारी पट्टी ठेवून, वरून सरळ फोटो काढा. मध्यापासून प्रत्येक फेरीतले खांब मोजून वहीत मांडा. खांबांची सपाट चकती असेल तर पहिल्या फेरीत 12 आणि पुढे प्रत्येक फेरीत 12 वाढलेले दिसतील: 24, 36, 48. जाळीचा नमुना असेल तर आकडे वेगळे येतील, पण वाढ कुठे कुठे केली आहे ते कळेल. वाढ कमी पडली की काम वाटीसारखं वर उचलतं, जास्त झाली की कडेला झालर पडते. तुमच्या हातून यांतलं काहीही झालं तर दोष हाताचा नसतो, मोजणीचा असतो.

हाताचा घट्टपणा जुळवण्यासाठी त्याच दोऱ्याची एक वेगळी चकती विणा, पाच फेऱ्यांची, आणि आईच्या पहिल्या पाच फेऱ्यांवर ठेवून बघा. तुमची मोठी आली तर एक नंबर बारीक सुई घ्या, लहान आली तर जाड. दोन-तीन चकत्यांत जमतं. नवा दोरा आणण्याआधी जुनं काम धुवून घ्या, कारण वर्षानुवर्षं पिशवीत राहिलेला पांढरा दोरा पिवळसर झालेला असतो आणि न धुता रंग जुळवलात तर नंतर फेरी स्पष्ट वेगळी दिसते. कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, गोल आकारात पसरून न गंजणाऱ्या टाचण्या लावा. डाग घालवायला ब्लीचिंग पावडर नको, सूत कुजतं. दोन-तीनदा ओलं करून कोवळ्या उन्हात ठेवलं तर पिवळेपणा बराच उतरतो. सगळा नाही, आणि तेवढा राहिला तर राहू द्या.

दोऱ्याची गाठ मारू नका. दोन्ही टोकं बोटभर लांब सोडून नंतर सुईने खांबांमधून मागे-पुढे ओवून टाका.

आता पूर्ण करावं की नाही हा प्रश्न. आमचं मत विचाराल तर नवख्या हाताने उरलेल्या पंधरा-वीस फेऱ्या विणण्यापेक्षा एकच साधी कड विणून तिचं काम बंद करणं चांगलं. चौदा फेऱ्यांचा तो गोल देवघरातल्या पाटावर बरोबर बसेल. पण तिची एखादी चुकीची फेरी सापडली म्हणून ती उसवून सुधारू मात्र नका.

पैठणी आणि एक जुना शालू लोखंडी ट्रंकेत आहे. त्यांची जर काळी पडते आहे. (नागपूर)

ट्रंक बदलायची गरज नाही, आतलं प्लॅस्टिक काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात साडी गुंडाळा, जर आतल्या बाजूला घेऊन. जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. ते घरी घासून काढायच्या भानगडीत पडू नका, वरचा मुलामा निघून जातो. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, थेट रेशमावर नको. तीन-चार महिन्यांनी एकदा साडी उलगडा, तासभर सावलीत वारं लागू द्या आणि घडी वेगळ्या रेषेवर घाला. रेशीम फाटतं ते नेमकं जुन्या घडीवर.

आईने लक्षवातीचा संकल्प केला होता. फुलवातींनी भरलेले अकरा डबे आहेत. मोजदाद तिच्या डोक्यात होती, कुठे लिहिलेली नाही. (रत्नागिरी)

एकेक मोजत बसू नका, वजनावर काढा. चांगल्या वाळलेल्या वाती घ्या, कारण कापूस हवेतली ओल धरतो आणि कोकणात पावसाळ्यात वजन फसवं येतं. नमुना आणि डबे एकाच दिवशी तोलायचे. वेगवेगळ्या डब्यांतून 500 वाती मोजून काढा आणि तोला. समजा त्या 50 ग्रॅम भरल्या, म्हणजे शंभराला 10 ग्रॅम. रिकाम्या डब्यांचं वजन वजा करून सगळा कापूस 6 किलो 200 ग्रॅम निघाला, तर वाती झाल्या सुमारे 62 हजार. लक्ष म्हणजे लाख, उरल्या 38 हजार. घरातल्या चौघांनी रोज शंभर केल्या तर 95 दिवसांत होतील, म्हणजे चातुर्मासात बसतात. शंभर वातींना सवय झाल्यावर फार वेळ लागत नाही. मात्र तुमच्या वाती आईच्या वातींपेक्षा जाड होतील, म्हणून तुमच्या वेगळ्या मोजा, त्याच वजनात धरू नका.

हात बसण्यासाठी: सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजून रुपयाएवढी पातळ चकती करा, मध्यातून चिमटीत वर ओढा, आणि बोटाला किंचित भस्म किंवा दुधाचा थेंब लावून टोक वळा. कोरड्या बोटांनी वळलेलं टोक सुटतं, तूप वर चढत नाही आणि वात नुसती काजळते. पीळ फार घट्ट झाला तरी तेच होतं. दूध लावून केलेल्या वाती पूर्ण वाळवूनच डब्यात भरा, नाहीतर वास येतो. अंगणात देवकापसाचं झाड असेल तर त्याचाच कापूस घ्या, आईनेही बहुधा तोच वापरला असेल.

संकल्प दुसऱ्याने पुरा करण्याचा विधी घराण्याच्या रिवाजाप्रमाणे बदलतो, तेवढं तुमच्या गुरुजींना विचारून घ्या. लावताना एक काळजी: तुपात भिजवलेल्या वातींचा ढीग एकदम पेटवला की एकच मोठी ज्वाळा उठते. परातीत वाळू पसरून, उघड्यावर, थोड्या थोड्या लावा. भडका झालाच तर पाणी ओतू नका, पेटतं तूप उडतं. मोठं झाकण घालून विझवा.

तेरा अक्षरी रामनाम लिहिलेल्या चाळीस वह्या आहेत. नातेवाईक म्हणतात नदीत सोडा. (पुणे)

सोडू नका. कागदाचा लगदा आणि शाई नदीला नको असते. आधी एकदा पानं चाळा. अशा वह्यांच्या समासात, मलपृष्ठावर, दोन दिवसांच्या मधल्या रेघेवर बायकांनी बरंच काही टिपून ठेवलेलं असतं: दुधाचा हिशेब, कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप उतरला, कोणत्या तिथीला वही संपली. तुमच्या आईने रोजनिशी लिहिली नसेल, पण ही तिचीच रोजनिशी आहे.

एका पानावरच्या ओळी, ओळीतली नावं आणि पानं यांचा गुणाकार करून प्रत्येक वहीचा आकडा पेन्सिलीने आतल्या बाजूला लिहा. गंजलेल्या पिना सुरीच्या पातळ पात्याने उचलून काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. पिनेचा गंज कागद खातो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, दोन्ही परत निघत नाहीत. वह्या आडव्या ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून वीतभर वर आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता. बॉलपेनची शाई उन्हात फिकी होते, म्हणून देवघराच्या खिडकीतही नकोत. फोटो काढायचे असतील तर खिडकीतून बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन पानाला समांतर धरून काढा. चाळीसपैकी चार-पाच वह्यांचे तरी सगळे फोटो घ्या, बाकीच्यांतल्या टिपांच्या पानांचे. पोथ्यांचीही काळजी अशीच घ्यायची. बासन मात्र धुवून पुन्हा तेच वापरा. लाल बासनाचा रंग जात असेल तर आत पांढरं कापड घाला.

आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1930 आहे. मामांच्या वहीत "माघ शुद्ध 5, शके 1853, प्रजापतीनाम संवत्सर" असं आहे. तिच्या आयुष्याची टिपणं करतो आहे, कोणती तारीख धरू? (इंदूर)

वहीतली. 1 जून ही त्या काळच्या कित्येक दाखल्यांवरची सोयीची तारीख आहे. शाळा जूनमध्ये भरायची आणि प्रवेशाला वय भरावं म्हणून गुरुजी ती घालत.

शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण तो चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे. अनेक घरांत एक वर्षाची चूक इथेच झालेली असते. माघ आहे म्हणून 1853 अधिक 79, म्हणजे 1932, महिना जानेवारी-फेब्रुवारी. संवत्सराच्या नावाने पडताळा: साठ नावांचं चक्र आहे आणि 1987च्या पाडव्याला प्रभव संवत्सर सुरू झालं. साठ वर्षं मागे, 1927च्या पाडव्यालाही प्रभवच. तिथून प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती असं मोजलं की 1931चा पाडवा येतो. शके 1853 हेच. दोन्ही जुळतात, त्यामुळे वही विश्वासाची आहे. नेमकी तारीख त्या वर्षाच्या पंचांगावरून काढा. इंदूरकडच्या काही पंचांगांत संवत्सराचं नाव वेगळं दिसेल, उत्तरेची गणना निराळी आहे, त्याने गोंधळू नका.

बाकीच्या घटनांना तारीख नसेल तर नातलगांना "कोणत्या साली" असं विचारू नका, "तेव्हा काय चाललं होतं" असं विचारा. गांधीजींची हत्या 30 जानेवारी 1948, पानशेत फुटलं 12 जुलै 1961, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, मोठा दुष्काळ 1972 चा. "थोरलीच्या वेळी अधिक श्रावण होता" अशी आठवण निघाली तर ती सोन्यासारखी: अधिक श्रावण 1947, 1958, 1966, 1977, 1985, 2004 आणि 2023 मध्ये होता. सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो असेल तर तोही उपयोगाचा. हजार पौर्णिमांना 80 वर्षं आणि सुमारे 10 महिने लागतात. काही घरं थोडं अलीकडे करतात, पण जन्मवर्षाचा अंदाज पक्का होतो.

आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. वीस वर्षांपूर्वीच्या तीन कॅसेट आहेत. खराब होतील का? (बारामती)

होतील, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधीच उतरवून घ्या. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका. एका वाजवण्यात टेप घासली जाते आणि यंत्राचं हेडही बरबटतं. ती ध्वनिमुद्रणाच्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही इवली टोकं मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. मग न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा.

प्लेअरच्या हेडफोनच्या जागेतून तार काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडा. समोर फोन ठेवून रेकॉर्ड केलं तर खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघरही येते. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. मिनिटाला साधारण 10 एमबी होतात, साठ मिनिटांच्या कॅसेटला 600 च्या आसपास. एमपीथ्री करायची ती नातेवाइकांना पाठवायला, मूळ म्हणून नाही. खरखर काढण्याचा प्रयोग करायचा तो दुसऱ्या प्रतीवर. जात्याची घरघर हा आवाजातला दोष नाही, ती राहू द्या. ओवीचा ठेका तिच्यावरच आहे.

मग ऐकत ऐकत ओव्या लिहून काढा, तिच्या उच्चारांसकट. "न्हाई" असेल तर "नाही" करू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी पुण्यातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत नोंदलेलं असतं. तुम्हीही प्रत्येक ओवीपुढे तेवढं तरी लिहा. ओवीत येणारी माणसं कोण हेही लिहा: हा भाऊ कोणता, ही मावळण (आत्या) कुठली, हे पंढरपूर कोणत्या वारीचं. हे सांगू शकणारी एखादी मावशी किंवा आत्या अजून असेल, तर कॅसेट आधी तिला ऐकवा आणि ऐकताना फोनवर तिचंही बोलणं टिपून घ्या. मधेच तीही ओवी म्हणायला लागेल, तेव्हा थांबवू नका.